आहे त्या स्थितीत

निवृत्तीनंतर बेळगावातील भाड्याची जागा सोडून आम्ही मच्छे येथे एक जुने कौलारू घर विकत घेतले. खरेदीपत्रात एक वाक्य होते : ‘मिळकत आहे त्या स्थितीत दिली-घेतली असून पुढे तक्रार चालणार नाही.’ नोकरीत असे दस्त आम्ही शेकड्यांनी वाचले होते. म्हणूनच की काय, या वाक्यापाशी आम्ही थांबलो नाही.

कागद मात्र कसून तपासले. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. त्यापूर्वीचे दस्त मराठीत, नंतरचे कन्नडमध्ये आणि एक तर मोडीत. तोही जाणकाराकडून वाचून घेतला. शेजाऱ्यांची विहिरीवरची वहिवाट त्यातूनच कळली. मालकी निर्वेध होती. आम्ही निश्चिंत झालो. भिंतीला हात लावून पाहण्याचे मात्र सुचले नाही.

घर पाहिले ते चैत्रात. विकणारे गृहस्थ म्हणाले होते, “साहेब, मिरग पडू दे, मग एकदा येऊन बघा.” आम्हांला वाटले, भाव वाढवण्यासाठी वेळ काढताहेत. आषाढात पश्चिमेच्या झडीने मातीची भिंत पार ओली झाली आणि आढ्याला लागलेली वाळवी दिसली.

मुलगा म्हणाला, “बाबा, नोटीस पाठवू या.” 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे 55 वे कलम आम्ही पुन्हा काढले. साधारण दक्षतेने खरेदीदाराला कळणार नाही असा महत्त्वाचा दोष ठाऊक असूनही विक्रेत्याने लपवला, तर ती फसवणूक ठरते. नव्या सदनिकेच्या बांधकामातील दोष पाच वर्षांपर्यंत बिल्डरने दुरुस्त करावेत, असे 2016 चा रेरा कायदा सांगतो. जुन्या घराला तो आधार नाही. आणि येथे लपवले तरी काय होते? त्यांनी तर पावसात या म्हणून सांगितले होते. नोटीस लिहिली गेली नाही.

गणपतीला ते गृहस्थ दर्शनाला आले. त्यांचे बालपण याच घरात गेलेले. ओली भिंत पाहून ते खजील झाले; त्यांच्याहून अधिक आम्ही. मग कोणत्या बाजूची कौले आधी सरकतात, शाकारणी केव्हा करावी, झडीला झापे कोठे बांधावेत, हे त्यांनी घरभर फिरून दाखवले.

खरेदीपत्रात यातले काहीच नव्हते. घर घेणाऱ्यांनी कागद पाहावेतच. पण एक पावसाळाही पाहावा, आणि विकणाऱ्याचे बोलणे नीट ऐकावे.