मनमाड : फक्त गाडी बदलायचं ठिकाण नव्हे

मनमाड म्हटलं की बहुतेकांना एकच शब्द आठवतो : जंक्शन. शिर्डीला जाणारे इथं उतरतात, औरंगाबाद-नांदेडकडे जाणारे इथं गाडी बदलतात, बाकीचे खिडकीतून चहा घेतात आणि पुढं जातात. दरवर्षी १३ ऑक्टोबरला येवल्याच्या मुक्तिभूमीवर जाणारे आपले अनेक बांधवही इथंच उतरतात आणि स्टेशनबाहेरून थेट येवल्याची गाडी धरतात. मनमाड बघायला म्हणून कुणी येत नाही. आमचा आक्षेप नेमका इथंच आहे.

इतिहास कशाला म्हणायचं, हे आपल्याकडे कोण ठरवतं? किल्ला असेल, देऊळ असेल, वाडा असेल तर तो इतिहास. मनमाडजवळच्या अंकाई-टंकाईच्या जोडकिल्ल्यावर ट्रेकर जातात, तिथली जैन लेणी बघतात. बघायलाच हवीत. पण ज्या वस्त्यांतल्या माणसांनी रूळ टाकले, पुलांचे गर्डर घडवले, धान्याची पोती वाहिली, त्या वस्त्यांना कुणी ऐतिहासिक म्हणत नाही. इंग्लंडमधल्या मँचेस्टरला पर्यटकांची लंडनएवढी गर्दी नसते, पण त्या गिरण्यांच्या शहरात कामगारांच्या आणि सामान्य माणसांच्या लढ्यांचं स्वतंत्र संग्रहालय उभं आहे. आपल्याकडे कामगाराची चाळ पडली की तिथं फक्त प्लॉट उरतो.

म्हणून आम्ही काही जण सुटीच्या दिवशी मनमाडच्या वस्त्या पायी फिरतो. हातात वही असते आणि एकच प्रश्न असतो : इथं कोण राहत होतं आणि काय काम करत होतं?

हे गाव रेल्वेनं मोठं केलं. मुंबई-भुसावळ हा मूळ मार्ग. १८७८ मध्ये दौंडकडे जाणारा फाटा सुरू झाला. पुढं निजामाच्या राज्यातून औरंगाबादवरून मीटरगेज लाइन इथं येऊन मिळाली. एक गेज रुंद, दुसरा अरुंद, त्यामुळं प्रवाशाला इथं उतरावंच लागे आणि मालही एका डब्यातून दुसऱ्या डब्यात चढवावा लागे. दोन गेजमधलं ते अंतर माणसांच्या पाठीवरून ओलांडलं जाई. मनमाडचा इतिहास लिहायचा तर तो त्या पाठींपासून सुरू करावा लागेल.

रेल्वे कॉलनीतून चालताना समाजशास्त्राच्या पुस्तकातलं एक अख्खं प्रकरण डोळ्यांसमोर उभं राहतं. साहेबाचा बंगला ऐसपैस, भोवती झाडं. मग बाबू लोकांची क्वार्टर्स. मग एकमेकांना चिकटलेल्या खोल्या. हुद्दा जसा उतरतो तशी भिंत जवळ येते. कागदावर ही उतरंड हुद्द्याची आहे. पण कुठल्या जातीच्या माणसाला कुठल्या हुद्द्यापर्यंत चढू दिलं जात होतं, हे विचारलं की त्याच भिंती वेगळं बोलू लागतात.

हा प्रश्न सगळ्यात रोखठोकपणे विचारला गेला तो याच गावात. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. आजवर आपण अस्पृश्य म्हणून आपली गाऱ्हाणी मांडत आलो, आता कामगार म्हणून एकत्र येत आहोत, हा त्या परिषदेचा वेगळेपणा त्यांनी सांगितला. आणि या देशातल्या कामगारांचे शत्रू दोन आहेत, ब्राह्मण्य आणि भांडवलशाही, असं ते म्हणाले. ब्राह्मण्य म्हणजे एका जातीचे हक्क किंवा हितसंबंध एवढाच अर्थ त्यांना अभिप्रेत नव्हता. स्वातंत्र्य, समता आणि बंधुता यांचा नकार म्हणजे ब्राह्मण्य, आणि ते सगळ्या वर्गांत शिरलेलं आहे, हेही त्यांनी तिथंच स्पष्ट केलं.

हे भाषण हवेतलं नव्हतं. रेल्वेत अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून लागला की गँगमन म्हणूनच राही. त्याला साधं पोर्टरसुद्धा होता येत नसे, कारण पोर्टर स्टेशन मास्तरच्या घरचीही कामं करी आणि घरात अस्पृश्य चालत नसे. वर्कशॉपमध्ये तो कुलीच राही, मेकॅनिक किंवा फोरमन होणं दूरच. मुंबईच्या गिरण्यांत जास्त पगाराच्या विणकाम खात्याचं दार त्याला बंद होतं. हे सगळं बाबासाहेबांनी त्या परिषदेत मांडलं. कामगारांत फूट पाडता, या आरोपालाही त्यांनी उत्तर दिलं : फूट जातिभेदानं आधीच पाडलेली आहे, आणि ती मिटवायची तर तिच्याबद्दल बोलावंच लागेल.

त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला मुंबईत औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध मोठा संप झाला. त्यात स्वतंत्र मजूर पक्ष कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून उतरला. म्हणजे मनमाडचा विचार नऊ महिन्यांत रस्त्यावर आला होता.

लाइनीकडेच्या एका वस्तीत आम्हांला एक निवृत्त गँगमन बाबा भेटले. "काय शोधताय पोरांनो इथं?" त्यांनी विचारलं. आम्ही सांगितलं. ते म्हणाले, "अरे, आमचं काय लिहिता? आम्ही तर नुसती पहार चालवली." मग मात्र तासभर बोलत राहिले. थंडीच्या रात्री रुळाला तडा जातो, म्हणून कंदील घेऊन मैलोन् मैल चालायचं. उन्हाळ्यात रूळ फुगतो, म्हणून भर दुपारी खडी सारखी करायची. गाडी सुखरूप गेली तर कुणाला कळत नाही की कुणी काही केलं. आम्ही विचारलं, "बाबा, ३८ च्या परिषदेचं काही ऐकलंय का?" ते म्हणाले, "आमचा बाप सांगायचा. बाबासाहेब मनमाडला आले तेव्हा आपण पहिल्यांदा माणसांत मोजलो गेलो."

हे वाक्य कुठल्या दप्तरात सापडणार नाही. आणि सांगणारे दरवर्षी कमी होत आहेत.

पुढं चालत गेलं की गुप्तसर साहिब गुरुद्वारा लागतो. नांदेडच्या हुजूर साहिबला जाणारे यात्रेकरू इथं थांबतात, आणि लंगरच्या पंगतीत कुणी कुणाची जात विचारत नाही. अन्न महामंडळाच्या मोठ्या आगाराकडं गेलं की ५० किलोचं पोतं पाठीवर घेणारा हमाल दिसतो. अर्ध्या महाराष्ट्राला माहीत असलेली मनमाडची पाणीटंचाई वस्त्यांत शिरल्यावर आकडा राहत नाही, दारासमोरची ड्रमची रांग होते. पाणी किती दिवसांनी येणार, यावर इथल्या बायाबापड्या मजुरीचा खाडा ठरवतात. पाणी भरणारी ताईसुद्धा कामगारच आहे, फक्त तिच्या कामाचं हजेरीपुस्तक नाही.

काही मित्र म्हणतील, हे सगळं जुनं झालं. आरक्षण मिळालं, आपली मुलं ऑफिसर झाली. झाली, आणि त्याचा आम्हांला अभिमान आहे. त्यातली अनेक घरं याच रेल्वेच्या पगारावर उभी राहिली. गँगमनच्या पगारातून मुलगा कॉलेजात गेला, वस्तीत विहार उभं राहिलं, जयंतीची वर्गणी निघाली. पण आज त्याच घरातला नातू ठेकेदाराकडं कामाला जातो. गँगमनचं नाव ट्रॅक मेंटेनर झालं, झाडूवाल्याचं नाव सफाई मित्र झालं. ठेकेदाराच्या यादीत मात्र आरक्षण नाही, पेन्शन नाही आणि उद्याची खात्रीही नाही. गटार साफ करायला अजून कुणाला पाठवलं जातं, हे सांगायला जनगणना लागत नाही.

इथं आपल्या चळवळीलाही एक प्रश्न विचारला पाहिजे. मनमाडला दोन शत्रू सांगितले गेले होते. आज युनियनच्या सभेत भांडवलशाहीवर भाषण होतं आणि जात गाळली जाते. आपल्या सभेत ब्राह्मण्यावर भाषण होतं आणि ठेकेदारी गाळली जाते. दोघांनी मिळून बाबासाहेबांचं एक वाक्य अर्धं अर्धं वाटून घेतलं आहे. ते पुन्हा जोडायचं असेल तर ज्या गावात ते उच्चारलं गेलं तिथल्या वस्त्यांत आधी जावं लागेल.

म्हणून तरुण मित्रमैत्रिणींना आमचं सांगणं आहे. या १३ ऑक्टोबरला येवल्याला जाताना मनमाडला दोन तास काढा. रेल्वे कॉलनीतून चाला, लाइनीकडेच्या वस्तीत बसा. आजी-बाबांचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करा. जुनी पगाराची पावती, युनियनचं कार्ड, परिषदेचा फोटो घरात पडून असेल तर त्याची प्रत काढा आणि मूळ कागद त्यांच्याकडंच राहू द्या. १२ आणि १३ फेब्रुवारीला मनमाडमध्ये आपली पदयात्रा निघाली पाहिजे, आणि त्या पदयात्रेत ठेक्यावरचा सफाई कामगार पुढं असला पाहिजे. परिषदेच्या स्मृतीचा फलक लागावा ही मागणी जरूर करू, पण फलकाची वाट बघत बसायचं कारण नाही.

येवल्यानं आपल्याला धर्म सोडायचं धैर्य दिलं. मनमाडनं आपल्याला दोन शत्रू ओळखायला शिकवलं. दोन्ही गावांमध्ये जेमतेम तीस किलोमीटरचं अंतर आहे. आपण एकाला नमन करतो आणि दुसऱ्यात फक्त गाडी बदलतो, हे आता थांबायला हवं.

जय भीम!