शिशाचा पट्टा

पाण्यात बुडण्यासाठी वजन लागते, हे प्रथम विसंगत वाटते. पण निओप्रिनचा पोशाख माणसाला तरंगत ठेवतो. म्हणून शिसे बांधावे लागते. ते कुठे बांधायचे, हा प्रश्न मला मालवणला माझ्या कमरेच्या जुन्या दुखण्याने विचारला.

कमरपट्टा सर्वांत साधा. एका हाताने बकल ओढले की सारे शिसे खाली. परंतु आडवे पोहताना सगळा भार कण्याला एकाच जागी ओढतो, आणि खोल गेल्यावर निओप्रिन दबून पातळ झाले की पट्टा सैल पडतो. तो निसटला तर माणूस अनावरपणे वर फेकला जातो. फुप्फुसांच्या दृष्टीने ते भयंकर. जॅकेटच्या खिशांतले शिसे पाण्यात जाणवतही नाही. होडीवर मात्र तेच जॅकेट सिलिंडरसह उचलताना नांगर उचलल्यासारखे वाटते. मला मानवला तो खांद्यांवरून पट्टे घेणारा हार्नेस: घसरण्याची भीती नाही, आणि प्रसंगी शिसे टाकून देण्याची सोयही शाबूत.

मन्नारच्या आखातातले मोती काढणारे पाणबुडे दगडाच्या भाराने तळ गाठत आणि तिथेच तो सोडून देत. होडीतला सोबती दोराने दगड परत ओढून घेई. सिलिंडरवाल्याला ती चैन नाही. त्याचे शिसे शेवटपर्यंत अंगावर, आणि सिलिंडर मात्र हवा संपेल तसा दोनेक किलोंनी हलका होत जाणारा. म्हणून वजनाची परीक्षा जवळपास रित्या सिलिंडरनिशीच घ्यावी: जॅकेटमध्ये हवा नाही, श्वास नेहमीसारखा धरलेला, आणि पाण्याची रेघ डोळ्यांशी.