पुढे डिस्क, मागे ड्रम

फुलचूरला वादाचं पीक बारमाही येतं. धानाला पाऊस लागतो, खत लागतं, नंतर मिलवाल्याचे पाय धरावे लागतात. वादाला फक्त अर्धा कप चहा लागतो. गाव गोंदियाला इतकं खेटून आहे की शहर कुठं संपलं आणि फुलचूर कुठं लागलं, हे परक्याला कळत नाही. आम्हालाही कळतं असं नाही, पण त्यावर आमचे दोन पक्ष आहेत. क्रिकेट, पाऊस, जावई आणि तर्री-पोह्यातली तर्री या विषयांवर तर पिढीजात पक्ष आहेत. हल्ली त्यात ब्रेकची भर पडली आहे. पिकअप गाडीला डिस्क ब्रेक चांगला की ड्रम ब्रेक, हा तो वाद.

आता तुम्ही म्हणाल, बँकेतल्या कारकुनाचा ब्रेकशी काय संबंध? मीही तेच म्हणत होतो. मी पडलो बी.कॉम. आमच्या अभ्यासक्रमात ब्रेक हा शब्द एकदाच आला, तोही ‘ब्रेक-ईव्हन पॉइंट’ म्हणून, आणि तो पॉइंट मला घरच्या जमाखर्चात अजून सापडायचा आहे. डिस्क म्हटलं की मला कंबर आठवते, कारण आमच्या शाखेत निम्म्या कर्मचाऱ्यांची डिस्क सरकलेली आणि उरलेल्या निम्म्यांची सरकण्याच्या बेतात. आणि ड्रम म्हणजे नळाला पाणी नसलं की आठवतो तो निळा ड्रम. पण गाडीकर्जाची कागदपत्रं माझ्या टेबलावरून जातात. त्यामुळे ज्याच्या हातून गाडीचं कोटेशन जातं त्याला गाडीतलं सगळं कळतं, अशी गावाची समजूत आहे. न्यायाधीशाच्या शिपायालाही लोक कायदा विचारतातच की!

तर एक दिवस दोघं भाऊ पिकअपचं कर्ज मागायला आले. दहा वर्षांची जुनी पिकअप होती, ती काढून नवी घ्यायची होती. धंदा धान वाहण्याचा. थोरला ड्रम पक्षाचा, धाकटा डिस्क पक्षाचा. अर्जावर सही करायच्या आधीच जुंपली.

“बाबूजी, आपल्याले डरमच पायजे जी,” थोरला म्हणाला. “आमच्या बाच्या जीपले चारी चाकाले डरम होते. कधी काई झालं काय?”

“दादा, बाची जीप चाळीसच्या वर पळतच नव्हती,” धाकटा म्हणाला. “तिले ब्रेकची गरजच काय? रस्त्यातले खड्डेच थांबवत होते तिले.”

रांगेतले पेन्शनर पेन्शन विसरून आत सरकले. एकानं ड्रमची बाजू घेतली, एकानं डिस्कची, आणि तिसऱ्यानं दोन्ही बाजूंना हळू बोलायला सांगून स्वतः सर्वांत मोठ्यानं बोलायला सुरुवात केली. शेवटी मी कोटेशनला जोडलेला तांत्रिक माहितीचा कागद काढला आणि वाचून दाखवला: पुढे डिस्क, मागे ड्रम.

शांतता पसरली. मग धाकट्यानं विचारलं, “आन् जुन्या गाडीले?”

जुन्या गाडीलाही तेच. दहा वर्षं दोघं भाऊ एकाच गाडीत, एकाच पायाखाली, दोन्ही पक्ष घेऊन फिरत होते. आपल्याकडच्या पिकअपांची ही सर्रास चाल आहे. त्यांच्या पुढच्या चाकांना डिस्क असतात आणि मागच्यांना ड्रम. निवडायचा प्रश्नच नव्हता. पण निवडायला काही नाही म्हणून फुलचूरचा वाद थांबत नसतो. तो फक्त बँकेतून उठून मिस्त्रीच्या गॅरेजात गेला, आणि निकाल ऐकायला संध्याकाळी मीही गेलो.

मिस्त्रींनी मला दोन वाक्यांत समजावलं, जे त्या तांत्रिक कागदाला दोन पानांत जमलं नव्हतं. “साहेब, सायकलीचं चाक दोन्ही बाजूनं रबर दाबून थांबते ना? डिस्क तशीच. चाकासंगं एक लोखंडी ताट फिरते, त्याले दोन्हीकडून चिमटा बसते. आन् ड्रम म्हणजे फिरत्या मडक्यात हात घालून बोटं फाकवायची. बोटं आतून काठाले घासली का मडकं थांबलं.” बोटं म्हणजे ब्रेकशू. इतकं सोपं असूनही पेन्शनर भांडले होते, ही गोष्ट वेगळी.

यात जुनं कोण आणि नवं कोण, हा थोरल्याचा लाडका मुद्दा. ड्रम म्हणजे वाडवडिलांचं आणि डिस्क म्हणजे कालच्या पोरांचं खूळ. वस्तुस्थिती अशी आहे की इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टरनं डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं 1902 मध्ये, आणि फ्रान्सच्या लुई रेनॉचा ड्रम ब्रेकही त्याच वर्षीचा. म्हणजे दोघं जवळजवळ जुळे भाऊ. एक लवकर नोकरीला लागला, दुसरा पन्नास वर्षं घरी बसला, एवढंच. सुरुवातीच्या डिस्क भयंकर किंचाळत आणि तेव्हाच्या धुळीच्या रस्त्यांवर लवकर झिजत. त्यांचं नशीब फळफळलं ते 1953 मध्ये. फ्रान्समधल्या ल मान्स इथल्या चोवीस तासांच्या शर्यतीत डिस्क ब्रेक लावलेली जॅग्वार पहिली आली आणि मोटारींच्या जगात डिस्कला स्थळं सांगून येऊ लागली.

डिस्कचं कौतुक कशासाठी, हे कळायला थोडं गणित करावं लागतं. घाबरू नका, वाणिज्य शाखेचंच आहे. ब्रेक गाडी थांबवतो म्हणजे गाडीच्या वेगाची उष्णता करतो. ही उष्णता वजनाच्या प्रमाणात वाढते, पण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. आमच्या भाषेत सांगायचं तर वजन सरळव्याजानं चढतं आणि वेग चक्रवाढीच्या थाटात. गाडी सतराशे किलोची धरा आणि वर दीड टन माल. ताशी 60 किलोमीटरवरून ती एकदा थांबवली की सुमारे 444 किलोज्यूल उष्णता होते. एवढ्या उष्णतेत जवळजवळ दीड लिटर गार पाणी उकळीला येतं. टपरीवरच्या हिशेबानं पंधरा-वीस कप चहा! वेग 80 केला, म्हणजे फक्त एकतृतीयांशानं वाढवला, की पाणी अडीच लिटर.

आता हा चहा उकळतो कुठं? डिस्क उघड्यावर असते, तिला वारा लागतो, ती भराभर निवते. ड्रम बंद डब्यासारखा, त्याची उष्णता आत कोंडते. शिवाय तापलं की लोखंड फुगतं. ड्रम फुगला की ब्रेकशूपासून लांब जातो, आणि घाटात वारंवार ब्रेक मारणाऱ्याचा पाय खोल खोल जात राहतो. पाण्याचंही तसंच. डिस्क फिरता फिरता पाणी झटकून टाकते. ड्रममध्ये एकदा शिरलं की ते सासरी आलेल्या पाहुण्यासारखं निवांत बसतं.

हे ऐकून धाकटा थोरल्याकडे बघून हसला. तेव्हा मिस्त्रींनी दुसरी बाजू मांडली. ड्रमचा एक गुण मोठा आहे. फिरतं चाक पुढच्या ब्रेकशूला आपल्याबरोबर आत ओढून घेतं, म्हणजे तो शू स्वतःच स्वतःला आवळतो आणि पायाचं काम हलकं होतं. ड्रम स्वस्त पडतो, झाकलेला असल्यानं बांधावरचा चिखल आणि भुसा सहजासहजी आत जात नाही, आणि हँडब्रेकची तार त्याला साधेपणानं जोडता येते. मग थोरला हसला.

“मग चांगला कोण?” मी विचारलं. मला निकाल लिहून फाइल बंद करायची सवय.

“जागेवर जो तो चांगला,” मिस्त्री म्हणाले. ब्रेक दाबला की गाडी नाकावर झुकते आणि भार पुढच्या चाकांवर येतो. थांबवायचं जास्तीचं काम पुढे, म्हणून तापून लवकर निवणारी डिस्क पुढे. पिकअपची मागची बाजू रिकामी असताना अगदी हलकी. तिथं जोरात ब्रेक लागला तर चाकं जागच्या जागी जाम होतात आणि गाडीचं शेपूट फिरतं. म्हणून मागे ड्रम पुरतो. पण माल भरला की मागेही जोर हवा. यासाठी बऱ्याच पिकअपांना मागच्या धुऱ्याशी दांडीनं जोडलेला एक व्हॉल्व्ह असतो. माल भरून गाडी खाली बसली की दांडी हलते, व्हॉल्व्हला कळतं की भार आला, आणि तो मागच्या ब्रेकला जास्त तेल सोडतो. मला तो व्हॉल्व्ह एकदम आपलासा वाटला. अर्जदाराची गरज बघून रक्कम मंजूर करणारा, गाडीखाली चिखलात बसलेला एक प्रामाणिक अधिकारी!

नवी गाडी आली. नारळ फुटला, पेढे आले, आमच्या टेबलावर दोन राहिले. आणि नेहमीप्रमाणे आठवड्याभरात थोरल्यानं गाडीचे पाटे वाढवून घेतले. पाटे वाढवणं ही आमच्याकडची रीत आहे. पाटे वाढवले की गाडी माल पेलते, खाली बसत नाही, रुबाबात उभी राहते. दीड टन क्षमतेची गाडी म्हणजे चाळीस किलोचे 37 कट्टे. पाटे वाढवले की 55 बसतात. 2019 च्या मोटार वाहन सुधारणा कायद्यात जादा भाराला 20,000 रुपये दंड आहे आणि वरच्या प्रत्येक टनाला आणखी 2,000. पण दंड सापडल्यावर लागतो आणि हप्ता न सापडताही लागतो. बँकेच्या कागदात मार्जिन आहे, विमा आहे, जामीनदार आहे. कट्टे किती भरणार, असा रकाना नाही. हप्ता ठरतो महिन्याचा आणि तो फेडला जातो खेपेवर.

धानाच्या हंगामात एका सकाळी थोरला गोरेगावकडून 55 कट्टे घेऊन येत होता. पुढे शाळेत जाणारी एक मुलगी सायकलवर. समोरून ट्रॅक्टर आला, मुलीनं सायकल थांबवली. थोरल्यानं ब्रेक दाबला. गाडी थांबली, पण थांबली ती सायकलच्या कॅरिअरला टेकून. दप्तर खाली पडलं. मुलीनं ते उचललं, झटकलं आणि विचारलं, “काका, ब्रेक नाहीत काय गाडीले?” आणि शाळेला उशीर होतो म्हणून निघून गेली.

त्या दिवशी टपरीवर थोरल्याला कुठल्याच विषयावर मत नव्हतं. चहासुद्धा त्यानं अर्धा ठेवला.

मिस्त्री गाडीखाली शिरले. धाकटा वरून म्हणत होता, ड्रम गेला असेल. मिस्त्री बाहेर आले ते हात पुसत. डिस्क ठीक, ड्रम ठीक, ब्रेकशू ठीक, तेल ठीक. “ब्रेक सगळे चांगले आहेत जी,” ते म्हणाले. “व्हॉल्व्हले फसवलं तुमी.” पाटे वाढवल्यामुळे 55 कट्टे भरूनही गाडी खाली बसली नव्हती. दांडी हलली नाही. व्हॉल्व्हनं समजून घेतलं की गाडी जवळजवळ रिकामीच आहे, आणि मागच्या ब्रेकला रिकाम्या गाडीपुरतं तेल दिलं. उत्पन्न कमी दाखवलं की कर्जही कमीच मंजूर होतं. अधिकाऱ्याची यात काही चूक नसते.

मी तिथंच कोटेशनच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हिशेब मांडला. 55 कट्टे आणि ताशी 80, म्हणजे तीन लिटर पाण्याची उष्णता. 37 कट्टे आणि ताशी 60, म्हणजे दीड लिटरच्याही आत. मग दुसरा हिशेब, जो मला खरा येतो. 55 च्या दोन खेपा म्हणजे 110 कट्टे. 37 च्या तीन खेपा म्हणजे 111. एक खेप वाढते, डिझेल वाढतं, ड्रायव्हरचा दिवस लांबतो. एक कट्टा मात्र जास्तच येतो. धाकट्यानं कागद दोनदा तपासला. थोरल्यानं तपासला नाही. तो म्हणाला, “मिस्त्री, पाटे काढा.”

त्यानंतर गाडी हंगामभर तीन खेपांनी चालली. डिझेल वाढलं, भाड्याचे पैसे मागेपुढे झाले आणि डिसेंबरच्या 5 तारखेला खात्यात हप्त्यापुरती शिल्लक नव्हती. 9 तारखेला थोरला रोख घेऊन काउंटरवर आला. चार दिवसांच्या उशिराचा दंड किती झाला, ते मी सांगितलं. त्यानं नोटा मोजल्या, सुटे पैसे वेगळे मोजले, पावती घेतली, ती उजेडात धरून नीट वाचली आणि खिशात ठेवली.

“सस्ता पडला जी,” तो म्हणाला.