हसतंय कोण, कुणाला?

ऑफिसात फेअरवेल असो वा बर्थडे, कविता करायचं खातं माझ्याकडे. गेल्या डिसेंबरात टीममधल्या एका मित्रावर अशीच वात्रटिका केली. त्याचं सारखं ‘येस सर’, इंग्रजीत अडखळणं, सगळं यमकात बसवलं. तुफान हशा! तोही हसला. दुसऱ्या दिवसापासून मात्र डबा घेऊन दुसऱ्या टेबलावर बसायला लागला.

बिबवेवाडीच्या घरी बाबांना कविता ऐकवली. ते हसले नाहीत. कपाटातून ‘झेंडूची फुले’ काढून म्हणाले, ‘‘आधी हे वाच.’’ आचार्य अत्र्यांनी ‘केशवकुमार’ या नावानं लिहिलेली ही विडंबनं 1925 साली पुस्तकरूपात आली. वाचताना कळलं, ज्या कवितेची टोपी उडवायची ती आधी अंगात मुरावी लागते. माझी कविता तर मित्राला नीट ओळखतही नव्हती.

मग नादच लागला. मागे मागे जात थेट रोमला पोचलो. तिथे दोन उस्ताद भेटले. जुव्हेनल कायम तापलेला. त्याच्या तिसऱ्या कवितेत शहराला वैतागलेला माणूस बडबडतो: घरं कोसळतात, गाड्यांच्या आवाजानं झोप नाही, खिडकीतून डोक्यावर काय पडेल नेम नाही. संध्याकाळी सातला बिबवेवाडी-कोंढवा रोडवर अडकलेले आपण सगळे जुव्हेनलच!

दुसरा होरेस. गुलामीतून सुटलेल्या बापाचा मुलगा. गप्पा मारल्यासारखं लिहितो. इसवी सनापूर्वी 30 च्या सुमाराच्या एका कवितेत त्यानं कमालच केलीय. डिसेंबरच्या सणात गुलामांना मोकळीक असायची. होरेस आपल्या गुलामाला, दावसला, बोलायची मुभा देतो आणि दावस मालकाचीच सालं काढतो: शहरात असलास की तुला गाव हवं, गावी गेलास की शहराचं कौतुक!

मी दचकलो. वीकएंडला गावी जाऊन दुसऱ्याच दिवशी वायफायसाठी तळमळणारा मीच की!

दोघांच्या शैलीत त्यांचे स्वभाव दिसतात. एक बोट रोखतो, दुसरा ते स्वतःकडेही वळवतो. माझ्या वात्रटिकेतही माझाच स्वभाव दिसला होता. मला फक्त टाळ्या हव्या होत्या.

परवा डबा घेऊन मित्राच्या टेबलावर गेलो. आधी सॉरी म्हटलं. मग स्वतःवर केलेल्या दोन ओळी ऐकवल्या. तो शांतपणे म्हणाला, ‘‘तिसरी मी सांगू?’’

सांगितली. चांगलीच लागली. आणि यमकही माझ्यापेक्षा भारी होतं!