खाड्याचे पैसे

अर्ज म्हणजे वहीचं फाडलेलं पान होतं. आमच्या वस्तीतल्या फुटबॉलच्या पोरांनी मंडळाला लिहिलं होतं: बाद पद्धतीच्या स्पर्धेत नाव घातलंय. अकरातली सात पोरं रोजंदारीवर आहेत. सामना कामाच्या दिवशी आला तर खाडा होतो. मंडळानं खाड्याचे पैसे द्यावेत. खाली अकरा सह्या.

मी खजिनदार. जयंतीच्या वर्गणीची वही माझ्याकडं. बैठकीत पहिला मीच बोललो. म्हटलं, बॉल घेऊ, बूट घेऊ, पण खेळायचे पैसे? आम्ही नामांतरासाठी मोर्चे काढले, लाठ्या खाल्ल्या, तेव्हा कुणाकडं रोज मागितला काय? टाळ्या पडल्या. पोरांचा गोली पार्सलच्या गोदामात माल चढवतो. तो कोपऱ्यात उभा होता. आवाज न चढवता म्हणाला, "काका, तुम्हाला पगारी रजा होती."

होती. सरकारी कचेरीत होतो मी. किरकोळ रजेचा अर्ज टाकून मोर्चाला जायचो आणि पहिल्या तारखेला पुरा पगार घ्यायचो. पण त्या वेळी मला ते सुचलं नाही. मी त्याला झापलं. वडीलधाऱ्यांशी कसं बोलावं ते शिकवलं. दुसऱ्या फेरीचा सामना मंगळवारी आला. पोरं आठच उतरली. हरली, बाहेर पडली.

मित्रांनो, फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही. त्या एका वाक्यानं डोक्यात भुंगा लागला म्हणून वाचायला बसलो. वाचता वाचता एका हंगामाशी येऊन थांबलो. १८८२-८३ चा. इंग्लंडातला.

फुटबॉल असोसिएशन म्हणून तिथली संघटना. तिनं १८७१ साली एक कप लावला. हरला तो घरी, जिंकला तो पुढं. असोसिएशनच्या कुठल्याही क्लबानं नाव द्यावं, मज्जाव कुणाला नाही. आता पहिली अकरा वर्षं कप कुणी नेला ते बघा. वाँडरर्स पाच वेळा. ऑक्सफर्ड विद्यापीठ. रॉयल इंजिनिअर्स, म्हणजे लष्करातले अधिकारी. क्लॅपहॅम रोव्हर्स. चार्टरहाउस शाळेचे माजी विद्यार्थी. आणि ईटन शाळेचे माजी विद्यार्थी दोनदा, १८७९ आणि १८८२. ईटन म्हणजे जिथनं मंत्री, न्यायाधीश आणि आपल्यावर राज्य करायला व्हाइसरॉय निघाले ती शाळा. अकरा वर्षांत एकही कप लंडन आणि दक्षिणेच्या बाहेर गेला नाही. गिरणीतला एकही हात त्याला लागला नाही.

नियमात कुठं लिहिलं होतं की गिरणी कामगार नको? कुठंच नाही. पण कपाचे शेवटचे सामने लंडनला. लँकेशायरमधनं लंडनला जायचं म्हणजे रेल्वेचं भाडं आणि वर दोन दिवसांचा खाडा. १८७९ साली डार्वेन नावाच्या गिरणीगावचा संघ ईटनवाल्यांसमोर आला. ५-१ नं मागे पडलेल्या त्या पोरांनी ५-५ अशी बरोबरी केली. जादा वेळ खेळू म्हणाले, ईटनवाले नको म्हणाले. आमच्या गावी या म्हणाले, तेही नको. पुन्हा लंडन. २-२. पुन्हा लंडन. तिसऱ्या खेपेला पाय गळाले, ६-२ नं हरले. भाड्यासाठी गावात वर्गणी गोळा झाली होती. वर्गणी! हा शब्द वाचला आणि वहीकडं बघितलं. आमच्या वहीसारखीच त्यांचीही कुणाकडं तरी वही असेल.

(ह्याच डार्वेनला १९३१ साली गांधीजी जाऊन आले, गिरणी कामगारांना भेटायला. गोलमेज परिषदेच्या दिवसांत. त्याच परिषदेत बाबासाहेब काय मागत होते आणि गांधीजी कशाला नाही म्हणत होते, ते तुम्हाला सांगायला नको.)

तर डार्वेनच्या शेजारचं गाव ब्लॅकबर्न. विणाईचं गाव. तिथं १८७८ साली दोन छोटे क्लब एक झाले आणि ब्लॅकबर्न ऑलिंपिक हे नाव घेतलं. गावात मोठा क्लब दुसरा, ब्लॅकबर्न रोव्हर्स. तो १८८२ ला अंतिम सामन्यात जाऊन ईटनवाल्यांकडून १-० नं हरला होता. ऑलिंपिकला कोण विचारतो? अकरा जणांची कामं सांगतो. तिघे विणकर, एक सूत काढणारा, एक गिरणीच्या यंत्रावरचा, एक लोखंडाच्या ओतशाळेतला, एक नळजोडणीवाला, एक तसबिरींच्या चौकटी करणारा, एक कारकून, एक दातांच्या डॉक्टरचा मदतनीस, आणि एक दारूचं दुकान चालवणारा. शेवटचा तो जॅक हंटर. इंग्लंडकडून खेळलेला, शेफील्डचा माणूस. संघाला शिकवणारा तोच. नळवाला अल्बर्ट वॉरबर्टन कप्तान.

त्या वर्षी कपात ८० च्या वर संघ होते. पहिल्या फेरीत ऑलिंपिकनं ॲक्रिंग्टनला ६-३ नं घालवलं. मग आसपासच्या गावांचे संघ, मग वेल्सचा ड्रुइड्स. उपांत्य सामना मँचेस्टरला, समोर चार्टरहाउसचे माजी विद्यार्थी. म्हणजे दोन वर्षांपूर्वीचे विजेते. लोक म्हणत होते, चिरडतील. ऑलिंपिकनं त्यांना ४-० नं मारलं.

आता खरी गोष्ट. हंटरनं संघाला ब्लॅकपूलला नेलं, समुद्रावर, सरावासाठी. त्या काळी सामन्याआधी असा सराव कुणी करत नव्हतं. सकाळी सहाला पोर्ट वाईनचा ग्लास आणि दोन कच्ची अंडी, मग वाळूत चालणं. मग मासे, मटण, पुन्हा चालणं, दूध, रात्री कालवं. हे सगळं त्या वेळी छापून आलंय. आणि गंमत बघा, एवढे दिवस हे विणकर गिरणीत नाहीत. साचे कोण चालवतंय? घरी पोरांना कोण खायला घालतंय? पैसे घातले ते सिडनी येट्स नावाच्या ओतशाळेच्या मालकानं. मालकच तो. त्याचा देव करायचं कारण नाही. पण त्यानं खर्चाला हात दिला, आणि मी टाळ्या घेतल्या.

३१ मार्च १८८३. लंडनचं केनिंग्टन ओव्हल. आठ हजारांच्या आसपास माणूस. समोर ईटनवाले, त्यांचा कप्तान आर्थर किनेर्ड, बँकर, पुढं लॉर्ड झाला आणि असोसिएशनचा अध्यक्षही. तोवर सगळ्यात जास्त अंतिम सामने खेळलेला गडी. पहिला गोल ईटनच्या गुडहार्टनं केला. अर्धा खेळ संपला तेव्हा ऑलिंपिक मागे. नंतर चौकटीवाल्या मॅथ्यूजनं बरोबरी केली. ईटनचा एक गडी, आर्थर डन, पायाला लागून बाहेर गेला. बदली खेळाडू द्यायची पद्धत नव्हती, ते दहाच उरले. हे लपवायला नको, आपण जिंकलेल्याच्या बाजूचे असलो तरी. १-१ वर वेळ संपली. जादा वेळाचा अर्धा तास. ह्या खेपेला नको म्हणायला कुणी नव्हतं. ईटनवाले बॉल पायात घेऊन एकेकटे पळायचे, ऑलिंपिकवाले लांबून एकमेकाला पास द्यायचे. दुसऱ्या बाजूनं आलेल्या अशाच एका पासवर कोस्टलीनं गोल मारला. सूत काढणारा जिमी कोस्टली. २-१.

कप उत्तरेला गेला. वॉरबर्टन म्हणाला म्हणतात की हा आता लंडनला परत जाणार नाही. लंडनच्या क्लबाला तो पुन्हा मिळायला १९०१ साल उजाडलं. आणि ईटनवाले पुन्हा अंतिम सामन्यात दिसले नाहीत.

मग बोंब सुरू झाली. ईटनच्या शाळेच्या पत्रात आश्चर्य छापून आलं, की गिरणीतल्या हातांना एका सामन्यासाठी इतके आठवडे काम सोडणं परवडतं कसं? अकरा वर्षं ह्यांच्या पोरांना परवडत होतं तेव्हा हा प्रश्न कुणाला पडला नाही. बापाची जमीन, बापाची बँक, त्याचे पैसे मैदानावर दिसत नाहीत. विणकराच्या खिशात चार नाणी वाजली की खेळ बाटला. खेळासाठी खेळणारा तो ॲमॅच्युअर, सोवळा. पैसे घेणारा ओवळा. १८८४ साली प्रेस्टन नॉर्थ एंडनं खेळाडूंना पैसे देतो असं उघड कबूल केलं तर त्यांना कपातून काढलं. लँकेशायरचे क्लब अडून बसले, वेगळी संघटना काढू म्हणाले, तेव्हा कुठं जुलै १८८५ मध्ये पैसे घेऊन खेळायला मान्यता मिळाली, तीही अटी घालून.

पण ज्यानं मला खरं पाणी पाजलं ते पुढचं. पैसे घेणाऱ्याला कपातून बाद करायचा नियम त्याच साहेबांच्या असोसिएशननं १८८२ ला, म्हणजे ह्या हंगामाच्या तोंडावर केला होता. त्यात लिहिलं होतं, प्रत्यक्ष खर्च आणि बुडालेली मजुरी यापेक्षा जास्त घेतलं तर बाद. म्हणजे बुडालेली मजुरी चालेल! खाड्याचे पैसे साहेबांनीसुद्धा कबूल केले होते. मी केले नाहीत. जय भीम म्हणून बैठक सुरू करणाऱ्या माणसानं केले नाहीत.

ब्लॅकबर्नच्या विणकरांना मी आपलं म्हणू का, हे मला अजून नीट सांगता येत नाही. त्यांच्या साच्यांवर आपल्या देशात विकायची धोतरं निघायची, इथले हातमाग बसले ते अशाच कापडानं. आणखी एक आहे. धोट्यात नवी कांडी भरली की विणकरानं धोट्याला तोंड लावून धागा ओढून घ्यायचा. इंग्रज कामगार त्याला धोट्याचा मुका म्हणायचे. तीच तऱ्हा मुंबईच्या गिरण्यांत आली. आणि इथं विणाई खात्याचं दार आपल्याला बंद झालं. आपलं तोंड लागलं की धोटा बाटतो! जास्त पगाराचं खातं ते. माझा आजा रिंग खात्यात होता, मरेस्तोवर सांगायचा, "सूत आमीच काडायचं, आन् त्याच सुताला आमचं त्वांड लागलं की इटाळ!" दार अडवणारा मालक नव्हता, शेजारचा कामगारच होता. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हाच प्रश्न पुढाऱ्यांसमोर ठेवला, तेव्हा कामगार एकजुटीवाल्यांचे चेहरे पडले.

ओव्हलवर कोस्टली आणि किनेर्ड खांद्याला खांदा लावून भिडले. घरी जाऊन किनेर्डनं अंघोळ केली असेल ती घामासाठी. आपल्या पी. बाळूला पुण्यात हिंदू क्लबाकडून बळी काढून देताना चहा मंडपाबाहेर मिळायचा, वेगळ्या मातीच्या भांड्यात. ज्याला त्यांनी चेंडू दिला त्याला कप दिला नाही. त्यामुळं तिथला गिरणी कामगार आणि इथला आपला माणूस एका मापानं मोजता येत नाही. पण खाडा दोघांचाही खाडाच. तेवढ्यापुरतं ते माझे.

ऑलिंपिकचं पुढं काय झालं तेही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल काकांनी गोड शेवट केला. पुढच्या वर्षी ते उपांत्य फेरीत हरले, कप गावातल्याच रोव्हर्सनं नेला, आणि लागोपाठ तीन वर्षं नेला. पैसे द्यायला मान्यता मिळाली आणि ज्याच्याकडं पैसा जास्त त्याच्याकडं खेळाडू गेले. १८८८ ला फुटबॉल लीग निघाली, ब्लॅकबर्नमधनं रोव्हर्सला घेतलं. १८८९ ला ऑलिंपिक बंद पडला. कप जिंकून सहा वर्षं झाली होती.

परवा त्या गोलीला भेटायला गोदामावर गेलो. जेवणाच्या सुट्टीत बाहेर आला. मी ह्या हंगामाची सगळी हकीकत सांगितली. त्यानं डबा खाताखाता ऐकली. कोस्टलीचा गोल त्याला पुन्हा ऐकायचा होता, पास कुठल्या बाजूनं आला ते विचारलं. मग म्हणाला, "काका, त्या येट्सनं पैसे दिले तेव्हा पावती घेतली होती का? तुम्ही घ्याल म्हणून विचारतो."

येत्या रविवारी बैठक आहे. त्यांचं ते फाडलेलं पान माझ्या फायलीत होतं, ते विषयपत्रिकेला जोडलंय. स्पर्धा पावसाळ्यानंतर. सात पोरांचा रोज किती ते विचारून लिहून आणलंय, माथाडीचं काम करणाऱ्याचा वेगळा, पार्सलवाल्याचा वेगळा. विरोध होणार. पहिला विरोध करणारे तेच असतील ज्यांनी मागच्या वेळी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या.