मोप्याहून शिरोड्यास

समुद्रकाठी विश्रांतीस जाणाऱ्याने विमानाने जावे काय, याविषयी आमच्या घरी एकमत नाही. तथापि तीर्थरूपांचे वय ऐंशी, आणि रात्रभराचा मोटारप्रवास डॉक्टरांनी वर्ज्य केलेला. पेडणे तालुक्यातील मोप्याचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाल्यापासून वेंगुर्ले तालुक्यातील शिरोडा मुंबईस पुष्कळच जवळ आला आहे, हे मान्य केले पाहिजे.

तरुणपणी आगबोटीने वेंगुर्ल्यास उतरलेले ते गृहस्थ विमानतळाबाहेर येताच म्हणाले, "अरे, समुद्र कुठे आहे?" भोवती जांभ्या दगडाचा सडा नि काजूची झाडे! आम्ही निरुत्तर झालो. विमानाचा एवढा एक दोष खराच. ते समुद्राची चाहूल लागू देत नाही.

ती पुढे मोटारीत लागली. किरणपाणीच्या पुलावर तेरेखोल नदी ओलांडली, गोवा मागे पडला, आणि आरोंद्यास त्यांनी काच खाली करविली. शिरोड्याच्या मिठागरांपाशी १९३० चा मिठाचा सत्याग्रह त्यांनी नातवास ऐकविला. भाड्याविषयीची आमची कुरकुर कोणी ऐकलीच नाही. वेळागरच्या सुरूच्या बनाशी मोटार थांबली, तो ते कोणाचाही हात न धरता उतरून वाळूकडे चालूही लागले. त्यांच्या वहाणा आम्ही मागून नेल्या.