नांदूर मध्यमेश्वर : गाळावर उतरलेले पाहुणे

हिवाळ्याच्या सुट्टीत खापरहून आम्ही निफाड तालुक्यातल्या चापडगावला गेलो. फजरची नमाज अदा करून निरीक्षण मनोऱ्यावर चढलो. गोदावरी-कादवा संगमाजवळ इंग्रजांच्या काळात सिंचनासाठी बंधारा बांधला गेला. पुढे जलाशयात गाळ साचत गेला. धरणाचे जे नुकसान, तेच पक्ष्यांचे दस्तरख्वान झाले. उथळ पाण्यात लडाख-तिबेटकडचे चक्रवाक, थापट्या बदके आणि जांभळ्या पाणकोंबड्या निवांत चरत होत्या. डॉ. सालिम अली यांनी या जागेला महाराष्ट्राचे भरतपूर म्हटले. पुढे ती राज्यातले पहिले रामसर स्थळ ठरली. मुलांना जरूर न्या. मात्र मोबाइलवर गाणी नकोत, दगड मारणे नको. हिमालय ओलांडून आलेला पाहुणा आपल्या गोंगाटामुळे उपाशी उठू नये.